वाचक विचारतात: चढ, पाऊस, खारा वारा आणि सायकलचं कुलूप

गावात रोज वापरायची सायकल कशी निवडावी आणि ती जागेवर कशी राहील, याबद्दल अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी प्रश्न पाठवले. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत. ‘कोणत्या कंपनीची घेऊ?’ असं विचारणाऱ्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर: जिचे ब्रेक-रबर, केबल आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) तुमच्या गावातल्या सायकलवाल्याकडे टांगलेले दिसतात, तिची.

प्रश्न: घर मांडवीला, नोकरी मारुती मंदिरच्या पुढे. जाऊन-येऊन आठ-नऊ किलोमीटर. दुकानदार म्हणतो, गिअरच्या सायकली पोरांसाठी, मोठ्या माणसाला काळी, साधी, दणकट सायकलच बरी. ऐकू का त्याचं? (रत्नागिरी)

उत्तर: अलिबागला किंवा मालवणच्या बाजारपेठेत राहत असतात तर ऐका म्हटलं असतं. मांडवीहून वर चढायचं तर गिअर हवेत. त्याचा वयाशी काही संबंध नाही, तो दातांचा हिशेब आहे.

काळ्या सायकलीला पुढच्या चक्राला साधारण 44 दात असतात, मागे 18. पेडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे एका फेऱ्याला सायकल साडेपाच मीटर पुढे. सपाटीवर हे झकास: मिनिटाला 60 फेरे मारले की ताशी 20 किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. पण चढावर वेग ताशी 8 वर उतरला की त्याच पेडलचे मिनिटाला जेमतेम 24 फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला उभं राहून अंगाचं वजन टाकावं लागतं आणि गुडघे कुरकुरायला लागतात ते तिथे. आता पुढे 28 आणि मागेही 28 दात आहेत असं धरा. एका फेऱ्याला सायकल सव्वादोन मीटरच सरकते, पण त्याच ताशी 8 च्या वेगाला पाय मिनिटाला 60 वेळा फिरतात. चढ तेवढाच, मेहनतही एकूण तेवढीच, फक्त ती लहान-लहान घासांत वाटली जाते.

म्हणून दुकानात ‘21 गिअर’ या स्टिकरकडे बघू नका. त्यातले कितीतरी एकमेकांचे जुळे भाऊ असतात. पुढचं सर्वांत लहान चक्र आणि मागचं सर्वांत मोठं चक्र, दोघांचे दात मोजा. दोन्ही आकडे सारखे, किंवा मागचा मोठा, तर रत्नागिरीचे बहुतेक चढ बसून चढता येतील. पाठीवर लॅपटॉप आणि कॅरिअरवर भाजी असेल तर मागे 34 दात बघा.

आमची पसंती विचाराल तर पुढे 38 दातांचं एकच चक्र आणि मागे 14 ते 34 दातांचं सात गिअरचं फ्रीव्हील. सर्वांत हलक्या गिअरला फेऱ्यामागे साधारण अडीच मीटर, सर्वांत जड गिअरला सहा मीटर. म्हणजे उतारावर ही सायकल काळ्या सायकलीच्याही पुढे जाईल. शिवाय पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), त्याची केबल आणि डाव्या हाताचा खटका या गंजायच्या तीन वस्तू कमी झाल्या. अशी तयार मिळाली नाही तर 14-28 चं फ्रीव्हील काढून 14-34 चं बसवता येतं, पण मग चेनला कड्या वाढवाव्या लागतात आणि मागचा डिरेलर लांब दांडीचा लागतो. दोन्हीचं आधीच विचारून घ्या, नाहीतर मोठ्या गिअरला चेन ताणून डिरेलर मोडतो.

पुढचा शॉकर टाळा. स्वस्त सायकलींतला शॉकर दोनेक किलो वजन वाढवतो, चढावर पेडलचा जोर खातो आणि इथल्या हवेत दोन पावसाळ्यांत आतून गंजून नुसता शोभेचा राहतो. खड्ड्यांवरचा खरा उपाय 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचा टायर. फ्रेमवर मागच्या एक्सलजवळ मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकं आहेत का, ते वाकून बघा. ज्या सायकलीला मडगार्ड बसत नाही ती कोकणात आठ महिन्यांची सायकल.

गिअर चढ लागण्याआधी बदलायचा, पाय फिरत असताना पण जोर न देता. नव्या सायकलीची केबल तीन-चार आठवड्यांत सैल पडते आणि गिअर आपोआप उड्या मारायला लागतात. डिरेलरपाशी केबल आत जाते तिथला गोल चाकासारखा स्क्रू अर्धा फेरा सैल करा, म्हणजे केबल ताणली जाते. चेन मोठ्या चक्रावरून तारांमध्ये पडत असेल तर मात्र केबलला हात लावू नका. डिरेलरवर ‘एल’ लिहिलेला छोटा स्क्रू असतो, तो पाव फेरा आवळा.

दुकानदाराचं एक मात्र खरं आहे. काळ्या सायकलीचं पूर्ण बंद चेनकव्हर ही पावसाळ्यासाठी केलेली फार शहाणी वस्तू आहे, आणि गिअरच्या सायकलीला ते सहसा बसत नाही.

प्रश्न: उंची पाच फूट. शाळेत कधी साडी, कधी पंजाबी ड्रेस. सगळ्या सायकली उंच वाटतात. माप कसं घ्यायचं? (अलिबाग)

उत्तर: उंचीपेक्षा पायाची आतली लांबी मोजा. अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखं घट्ट वर धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. समजा 70 सेंटिमीटर आलं. त्याला 0.883 ने गुणलं की साधारण 62. पेडलच्या मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर हवं. गावातल्या रहदारीत वारंवार पाय टेकावा लागतो, म्हणून सुरुवातीला दीड-दोन सेंटिमीटर कमी ठेवा आणि सवय झाली की वाढवा. टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा, ही टेपशिवायची खूण. सीटच्या दांड्यावर कोरलेली ‘किमान आत’ ही रेघ नळीबाहेर दिसता कामा नये. दिसत असेल तर ती फ्रेम तुमच्यासाठी लहान आहे.

मधली दांडी खाली उतरलेली फ्रेम घ्या, हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर. अलिबाग सपाट असल्याने गिअर नसले तरी अडत नाही, आणि त्या बदल्यात बंद चेनकव्हर मिळतं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी साडीगार्डची जाळी लावून घ्या. ओढणी चेनपेक्षा मागच्या चाकाच्या तारांत जास्त अडकते.

प्रश्न: पावसात डिस्क ब्रेक चांगले की साधे रबराचे? (चिपळूण)

उत्तर: पहिली अट वेगळीच आहे: चकचकीत क्रोमची लोखंडी रिम नको. ओल्या क्रोमवर रबर अक्षरशः घसरतं. काळ्या सायकलींचे दांडीचे ब्रेक जुलैत का लागत नाहीत, त्याचं हेच कारण. ॲल्युमिनियमच्या रिमवर पहिले दोन-तीन फेरे रबर पाणी पुसतं आणि मग पकड येते. म्हणून पावसात थांबायच्या जागेच्या बरंच आधी ब्रेक हलका टेकवायचा, पाणी पुसू द्यायचं, मग दाबायचा.

रबराचा खरा शत्रू पाणी नाही, तांबडी माती आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) मातीतले बारीक खडे रबरात रुततात आणि रिमला कानशीसारखं घासत राहतात. ब्रेक लावताना ‘खर्रर्र’ असा कोरडा आवाज आला तर तो हाच. रबर काढा, सुईच्या टोकाने खडे उकरा, बारीक पॉलिश पेपरवर चारदा घासा आणि परत बसवा. पावसाळ्यात दर आठवड्याला पाच मिनिटांचं काम आहे. रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या की बदला. रिमच्या कडेवर बोट फिरवल्यावर वाटीसारखा खोलगटपणा लागला तर रिमही बदलायची वेळ आली.

डिस्कला ओल्या रिमचा त्रास नाही आणि उतारावर हात कमी दुखतो. पण तिला तेल वर्ज्य. चेनवर उडवलेल्या स्प्रेचे दोन थेंब चकतीवर गेले की पॅड निकामी होतात. धुऊन क्वचितच परत येतात. केबलवाल्या डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो. त्यामुळे झीज झाली की नुसती केबल ताणून भागत नाही, आतल्या बाजूच्या पॅडचा स्क्रूही थोडा पुढे घ्यावा लागतो. हे न करता केबलच ताणत गेलं की चकती एका बाजूला वाकून घासू लागते. चिपळुणात गावातल्या गावात फिरणार असाल तर ॲल्युमिनियमची रिम आणि व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे रबराचे ब्रेक) पुरे. रोज मोठा उतार असेल आणि तुमचा दुकानदार त्याच मापाचे पॅड ठेवत असेल तर डिस्क घ्या.

हवेचा दाब टायरच्या कडेवर लिहिलेला असतो. पावसात कमाल आकड्यापेक्षा दहा-पंधरा पीएसआय कमी ठेवला तर पकड सुधारते. गटाराच्या लोखंडी जाळ्या, रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि सावलीतलं शेवाळ यांवर ब्रेकही नको आणि वळणही नको.

प्रश्न: जुनी सायकल घेतोय. काय तपासू? (खेड)

उत्तर: उजेडात बघा आणि उलटी करून बघा. चाक फिरवून ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवा. रिम डावी-उजवीकडे दोन-तीन मिलिमीटर हलत असेल तर आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून मिळतो. वर-खाली उडत असेल तर रिमला ठोक बसलेला आहे, सोडून द्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलच्या नळीत ‘टक-टक’ लागलं तर छर्रे-कप गेले, हा छोटा खर्च. फ्रेमच्या सांध्यांवर, विशेषतः पुढचा चिमटा आणि हँडलच्या नळीच्या मागे, रंगाला आडवी भेग किंवा सुरकुती असेल तर समोरून धडक झालेली आहे. ती सायकल कितीही स्वस्त असली तरी नको.

पुरात बुडालेली सायकल ओळखायची एक जागा आहे. जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात भरलं तेव्हा शेकड्यांनी वाहनं बुडाली, आणि अशा सायकली वरून धुऊन-रंगवून विकता येतात. सीटचा दांडा पूर्ण काढा, नळीत टॉर्च मारा, मग बोट घाला. बारीक, राखाडी, पिठासारखा गाळ लागला तर तो खाली पेडलच्या एक्सलपर्यंत गेलेला असतो आणि तिथले छर्रे आतून खाल्लेले असतात.

शेवटची गोष्ट कागदाची. फ्रेम नंबर बहुधा पेडलच्या एक्सलच्या नळीखाली ठोकलेला असतो. तो घासलेला असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. शाबूत असेल तर साध्या कागदावर नंबर, रंग, किंमत, तारीख, विकणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या. पूर्वी नगरपालिकेचा बिल्ला असायचा, आता हा कागदच तुमचा बिल्ला.

प्रश्न: ‘सायकल खंय ठेवची?’ हा आमच्याकडे सायकल घेण्यापेक्षा मोठा प्रश्न. बाजारपेठ अरुंद, स्टँड कुठेच नाही. मागच्या चाकाला नालाच्या आकाराचं कुलूप आहे, वर नंबरवालं वायरचं कुलूप घेतलंय. पुरेल का? (मालवण)

उत्तर: नालाचं कुलूप चाक अडवतं, सायकल अडवत नाही. दोघांनी उचलून टेम्पोत टाकली की ते कुलूप सायकलीबरोबरच जातं. वायरचं कुलूप जाड दिसतं, पण ती जाडी बरीचशी प्लास्टिकची असते. आतली तार चांगल्या कटरने काही सेकंदांत तुटते. त्यात आपली सवय अशी की लावताना चारपैकी एकच चकती एक घर फिरवायची. समोरच्या दुकानात नजरेच्या टप्प्यात दोन मिनिटं जायला ही जोडी पुरते, त्यापुढे नाही.

मुख्य कुलूप यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या जाड दांड्याचं, घ्या. दांडा 13-14 मिलिमीटर जाडीचा, कडक केलेल्या पोलादाचा, आणि आडव्या नळीत दोन्ही पाय अडकणारा असावा. एकच पाय अडकणाऱ्या कुलुपाला एक काप पुरतो, दोन्ही अडकणाऱ्याला दोन. आकाराने मोठं घेण्याचा मोह होतो, तो आवरा. आतली जागा साधारण 10 सेंटिमीटर रुंद आणि 18-20 सेंटिमीटर लांब बस झाली. कुलुपाच्या आत जेवढी मोकळी जागा, तेवढी पहार किंवा जॅक घुसवायला सोय.

यू-लॉक कुठेच बसत नसेल, उदाहरणार्थ जाड खांबाला, तर साखळी. मात्र हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते ती साखळी मऊ लोखंडाची असते, बोल्ट-कटर ती काकडीसारखी कापतो. पारख सोपी आहे: दुकानात कानस मागून कडीवर एक ओढ मारा. कानस रुतून चकचकीत चरा पडला तर मऊ, वरून नुसती सरकली तर कडक केलेली. कडी किमान 8 मिलिमीटरची हवी. ग्राइंडरपुढे कोणतंच कुलूप टिकत नाही, पण बाजारपेठेत दिवसाढवळ्या ठिणग्या उडवत कोणी बसत नाही. कुलुपाने चोराचा वेळ आणि आवाज वाढवायचा असतो. सायकलच्या किमतीचा दहावा हिस्सा कुलुपाला, एवढा हिशेब धरून चला.

लावायची पद्धत कुलुपाइतकीच महत्त्वाची. यू-लॉक मागच्या चाकातून घ्या, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आतून, आणि रेलिंगला. सीटची नळीही त्यात आली तर उत्तम. मागचं चाक निवडायचं कारण फ्रीव्हीलमुळे ते महाग असतं. पुढचं चाक तुमच्याकडच्या वायरच्या कुलुपाने फ्रेमला बांधा, म्हणजे तेही कामाला येईल. नुसतं पुढचं चाक रेलिंगला बांधून गेलात तर परत आल्यावर नुसतं पुढचं चाकच मिळायची शक्यता असते, कारण बऱ्याच नव्या सायकलींना ते खटका ओढून निघतं. असा खटका असेल तर तो काढून नट लावून घ्या. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका, जमिनीवर ठेवून घाव घालणं सोपं जातं. चावीचं तोंड खाली ठेवा, पाणी साठत नाही.

कशाला बांधायची, ते आधी हलवून बघा. वरून बंद असलेलं, काँक्रीटमध्ये रोवलेलं रेलिंग सर्वांत चांगलं. उंचीला कमी असा पाटीचा खांब नको, सायकल वरून काढून घेता येते. लोखंडी गेट बिजागरीवरून उचलून निघतं. माडाचं रोप, बांबू, पत्र्याच्या शेडची पातळ नळी यांचा काही उपयोग नाही. आणि विजेच्या खांबाला कधीच बांधू नका: पावसात खांबात करंट उतरला तर तो लोखंडी सायकलीतून तुमच्यापर्यंत येतो.

अरुंद पेठेत जागेचा प्रश्न माणसांकडूनच सुटतो. रोज उघडं असणारं मेडिकल किंवा किराणा दुकान गाठा, मालकाला विचारून त्यांच्या गल्ल्यासमोर, पण शटर आणि गटाराची वाट सोडून ठेवा. दिवा, पंप, पिशवी काढून न्या. सीटचा खटका काढून एलन कीचा बोल्ट लावा. त्या बोल्टच्या खाचेत बसेल असा एक छर्रा टाकून वर मेणबत्तीचं मेण ओता, म्हणजे चावी घुसतच नाही. तुम्हाला उंची बदलायची असेल तेव्हा काडी पेटवून मेण वितळवा, छर्रा पडतो.

प्रश्न: सोमवारी सायकलने मांडव्याला जाऊन बोटीने मुंबई, येणं शुक्रवारी. सायकल जेट्टीवर ठेवली तर? (अलिबाग)

उत्तर: चार रात्री उघड्यावर ठेवण्याजोगी सायकल म्हणजे कोणाला न्यावीशी न वाटणारी सायकल. जेट्टीवर खाऱ्या पाण्याचे तुषार तर आहेतच. जवळच्या ओळखीच्या घराच्या अंगणात सोय होत असेल तर ती बघा. नाहीच झाली तर जुनी, बिनगिअरची वेगळी सायकल त्या कामाला ठेवा आणि तिला यू-लॉक व साखळी अशी दोन वेगळ्या जातींची कुलुपं लावा, कारण दोन्ही तोडायला वेगळी हत्यारं लागतात. रेल्वे स्टेशनावर दिवसभर ठेवणाऱ्यांना हेच लागू.

प्रश्न: चिऱ्याचं घर. ओटीच्या भिंतीत मोठा बोल्ट मारून त्याला सायकल बांधली होती. दोन पावसाळ्यांत बोल्ट हाताने फिरायला लागला. (दापोली)

उत्तर: फिरणारच. एक्स्पान्शन बोल्ट आत फुगून भोवतालच्या दगडाला दाबतो आणि त्या दाबावर उभा राहतो. काँक्रीट तो दाब सहन करतं. चिरा सच्छिद्र, मऊ, आतून भुसभुशीत होत जाणारा. तोच दाब त्याला चुरतो, पावसाचं पाणी चुरा धुऊन नेतं आणि भोक मोठं होतं. घरात आरसीसीचा खांब असेल तर बोल्ट तिथे मारा.

खांब नसेल तर अंगणात कडी रोवा. जागा भिंतीजवळची, नळ आणि वायर जात नाहीत अशी. 30 बाय 30 सेंटिमीटरचा, 45 सेंटिमीटर खोल खड्डा काढा. 16 मिलिमीटरची सळई उलट्या ‘यू’ आकारात वाकवून घ्या. दोन्ही पायांची टोकं खाली बाहेरच्या बाजूला फाकवलेली हवीत, सरळ पाय जोर लावला की उपटून येतात. जमिनीवर कडी 10-12 सेंटिमीटर राहू द्या आणि आधी तुमचं कुलूप तिच्यातून जातं का ते बघा. ही चूक फार जण करतात. सिमेंट एक, वाळू दोन, खडी चार. पाव गोणी सिमेंट पुरतं. वाळू समुद्रकिनाऱ्याची घेऊ नका, तिच्यातलं मीठ सळई आतून खातं. सात दिवस पाणी मारा, मगच सायकल बांधा. सळई जिथे काँक्रीटमधून बाहेर येते तिथेच आधी गंजते, त्या बांगडीएवढ्या जागेवर रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंटचे दोन हात दर वर्षी पावसाआधी द्या.

प्रश्न: समुद्रापासून घर 200 मीटर. चेन वर्षभरात जाते आणि आता सीटचा दांडा नळीत असा बसलाय की हातोड्यानेही हलत नाही. (देवगड)

उत्तर: आधी हातोडा बाजूला ठेवा. ॲल्युमिनियमचा दांडा, लोखंडी नळी आणि मधे खारं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि जी पांढरी भुकटी होते ती दोघांना चिकटवून टाकते. सायकल उलटी टांगा. पेडलच्या एक्सलच्या नळीला खाली भोक असेल तर तिथून, नाहीतर सीटच्या बाजूच्या फटीतून, गंज सोडवणारं तेल सोडा, दिवसातून दोनदा, तीन दिवस. मग दांड्याचं टोक मोठ्या व्हाइसमध्ये पकडून फ्रेम हँडलसारखी फिरवा. ओढायचं नाही, फिरवायचं. ब्लोलॅम्प लावू नका: तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुपटीने फुगतं आणि अधिकच घट्ट होतं. उलट दांड्यावर बर्फाची पिशवी तासभर गुंडाळली तर थोडी मदत होते. निघाल्यावर नळी पुसून ग्रीस लावा आणि दर तीन महिन्यांनी दांडा एकदा काढून परत ग्रीस लावून बसवा. हँडलच्या दांड्यालाही हेच.

चेनसाठी खोबरेल नको, ते घट्ट होऊन माती धरतं. गाडीचं जळलेलं ऑइलही नको, त्यात धातूचा कीस असतो. चेन डिझेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, तासभर वाळवा आणि मग प्रत्येक कडीच्या सांध्यावर चेनच्या तेलाचा एकच थेंब. दहा मिनिटं पेडल उलटं फिरवून बाहेरचं तेल पुसून टाका. तेल आत हवं. बाहेर राहिलं तर तिथे वाळू चिकटते. पावसाळ्यात आठवड्याला, एरवी तीन आठवड्यांनी. पुळणीवर सायकल नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा फवारा हबवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं.

चेन कधी बदलायची ते पोलादी पट्टीने कळतं. बारा पूर्ण कड्या, पिनपासून पिनपर्यंत, नव्या चेनला 304.8 मिलिमीटर भरतात. 306.5 च्या आसपास गेली की बदला. 308 पर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे दातही त्या लांबीला सरावतात आणि नवी चेन त्यावर उड्या मारते, मग दोन्हींचा खर्च.

प्रश्न: सायकल चोरीला गेली. चौकीवर म्हणाले ‘हरवल्याची नोंद करा’. तेवढं पुरेल? (कणकवली)

उत्तर: नाही. हरवणं वेगळं, चोरी वेगळी. चोरीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली नोंदला जातो. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तक्रार लेखी द्या: फ्रेम नंबर, रंग, ओळखीची खूण, ठेवल्याची जागा, शेवटची पाहिल्याची वेळ, कुलूप कोणतं आणि तुटलेलं सापडलं का. सोबत बिल आणि फोटो. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्या. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी दुकानदाराला विनंती करा आणि कॅमेरा असल्याचं तक्रारीतही लिहा. ज्यांची सायकल अजून जागेवर आहे त्यांनी आज फ्रेम नंबरचा फोटो काढून ठेवावा.

प्रश्न: वय 62. बॅटरीच्या सायकलला लायसन्स लागतं का? थोडं सामान नेता येईल? (गुहागर)

उत्तर: मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 च्या आत असेल, तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. ताकदीचा अंदाज असा: माणूस, सायकल आणि सामान मिळून 100 किलो, शंभर मीटरला सहा मीटर चढ, वेग ताशी 8, तर चढण्यापुरते साधारण 130 वॉट लागतात. मोटर आणि तुमचे पाय मिळून हे आरामात होतं. रात्री बॅटरी काढून घरात ठेवा, चोरीसाठीही आणि दमट हवेसाठीही. बॅटरीचं कुलूप आणि सायकलचं कुलूप दोन्ही तपासा, बॅटरीचं बहुधा नाजूक असतं.

प्रश्न: पावसात कुलुपात चावी फिरत नाही. खोबरेल घातलं तर चालेल? (सावंतवाडी)

उत्तर: नको, महिनाभराने आणखी घट्ट होईल. आधी गंज सोडवणाऱ्या स्प्रेने आतलं पाणी आणि घाण बाहेर काढा, चावी पुसत पुसत दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. पावसाळ्यात महिन्यातून एकदा. तरीही अडली तर चावीला पकड लावून पिळू नका. चावी आत तुटली की कुलूप तुम्हालाच कापावं लागतं. दुसरी चावी घरात ठेवा, किल्ल्यांच्या त्याच जुडग्यात नाही.